रसायनशास्त्राच्या हाती तराजू देणारे लव्हाझिए

रासायनिक समीकरणाच्या दोन्ही बाजू समतोल असल्याच पाहिजेत, हे आज शाळकरी विद्यार्थीही जाणतो. या नियमाला प्रयोगाचे भक्कम अधिष्ठान मिळवून देणारे शास्त्रज्ञ म्हणजे आंत्वान लव्हाझिए. २६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिसमधील एका सधन वकिलाच्या घरी त्यांचा जन्म झाला. १७६४ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली. मन मात्र विज्ञानातच रमले. १७६८ मध्ये, पंचविशीही गाठली नसताना, फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले. त्याच वर्षी त्यांनी राजाच्या वतीने करवसुली करणाऱ्या खासगी कंपनीत भागीदारी विकत घेतली. या उत्पन्नातूनच त्यांनी अत्यंत अचूक तराजू व उपकरणे घडवून घेतली.

त्या काळी पदार्थ जळताना त्यातून ‘फ्लॉजिस्टन’ नावाचे द्रव्य बाहेर पडते, असा समज रूढ होता. पण हवेत तापवलेल्या धातूचे वजन वाढते. काही बाहेर पडत असेल, तर वजन वाढावे कसे? लव्हाझिए यांनी या प्रश्नाचे उत्तर तराजूकडे मागितले.

त्यांनी चार औंस पारा बंदिस्त हवेच्या संपर्कात बारा दिवस तापवला. पाऱ्यावर तांबडी भुकटी जमली. ही संयोग अभिक्रिया होती. मग त्यातील ४५ ग्रेन भुकटी अधिक तापवताच ४१.५ ग्रेन पारा परत मिळाला आणि एक वायू मुक्त झाला. ही अपघटन अभिक्रिया. उरलेले साडेतीन ग्रेन त्या वायूचे होते. आजच्या हिशेबाने २१६.६ भाग मर्क्युरिक ऑक्साइडमध्ये २००.६ भाग पारा व १६ भाग ऑक्सिजन असतो. म्हणजे ४५ ग्रेनमधून सुमारे ४१.७ ग्रेन पारा मिळावयास हवा. त्यांच्या मोजमापात फरक पडला तो जेमतेम दोन दशांश ग्रेनचा!

हा वायू इंग्लंडच्या जोसेफ प्रीस्टली यांनीही १७७४ मध्ये मिळवला होता. परंतु ते फ्लॉजिस्टनलाच चिकटून राहिले. ज्वलन म्हणजे या वायूशी होणारा संयोग, हे लव्हाझिए यांनी सिद्ध केले व त्याला ‘ऑक्सिजन’ हे नाव दिले. अभिक्रियेपूर्वी जेवढे द्रव्य, तेवढेच अभिक्रियेनंतर, हे तत्त्व त्यांनी १७८९ च्या आपल्या ग्रंथात स्पष्टपणे मांडले. त्यातील आकृत्या पत्नी मारी-आन यांनी काढल्या होत्या. अभिक्रियेतील प्रमाणांच्या गणिताला ‘स्टॉइकिओमेट्री’ हे नाव जर्मनीच्या रिश्टर यांनी १७९२ मध्ये दिले. त्या गणिताचा आधार मात्र हेच तत्त्व होते.

ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी फ्रेंच राज्यक्रांतीचा वणवा पेटला. करवसुली करणाऱ्यांविषयी जनतेत तीव्र संताप होता. नोव्हेंबर १७९३ मध्ये लव्हाझिए यांना अटक झाली. ८ मे १७९४ रोजी, अवघ्या पन्नासाव्या वर्षी, सासरे व अन्य भागीदारांसह त्यांना गिलोटिनखाली देहदंड देण्यात आला. ज्या पैशाने तराजू आला, तोच जिवावर बेतला.

मारी-आन यांनी पुढे पतीचे अपुरे राहिलेले लेखन प्रसिद्ध केले. विद्यार्थी समीकरण संतुलित करतो आणि कारखान्यात कच्च्या मालाचा हिशेब मांडला जातो, तेव्हा आजही आधार असतो तो लव्हाझिए यांच्या तराजूचाच.