चार शाळा, एक महिना आणि एक परिचारिका

न्यूयॉर्क शहरातल्या शाळांमध्ये १९०२ साली डॉक्टर येऊन मुलांची तपासणी करत. कुणाच्या डोक्यात उवा, कुणाच्या अंगावर खरूज किंवा नायटा, कुणाचे डोळे खुपऱ्यांनी लाल झालेले. असं मूल आढळलं की त्याला शाळेतून घरी पाठवलं जाई. संसर्ग पसरू नये म्हणून हा नियम होता आणि हेतूही चांगलाच होता. मात्र घरी गेलेल्या मुलाचं पुढे काय होतं, हे पाहायला कुणी जात नव्हतं. आईवडील बहुधा नुकतेच युरोपातून आलेले. त्यांतल्या अनेकांना इंग्रजी येत नसे आणि औषधाला पैसे नसत. मूल दिवसभर रस्त्यावर हुंदडे आणि शाळा सुटली की वर्गातल्याच मुलांबरोबर खेळे. म्हणजे संसर्ग होता तिथेच राही, बुडे ती फक्त शाळा.

या गुंत्यातून वाट काढणाऱ्या लिलियन वॉल्ड परिचारिका होत्या. रुग्णालयाबाहेर, वस्तीत जाऊन काम करणाऱ्या परिचारिकेला ‘सार्वजनिक आरोग्य परिचारिका’ हे नाव मिळालं ते त्यांच्यामुळे.

वॉल्ड यांचा जन्म १० मार्च १८६७ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, सिनसिनाटी शहरात झाला. कुटुंब जर्मन वंशाचं, ज्यू आणि खाऊनपिऊन सुखी. पुढे ते न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात स्थायिक झालं. सोळाव्या वर्षी त्यांनी व्हॅसर या नामांकित महाविद्यालयात प्रवेश मागितला, पण वय कमी म्हणून तो नाकारला गेला. काही वर्षांनी बहिणीच्या आजारपणात घरी आलेल्या प्रशिक्षित परिचारिकेचं काम त्यांनी जवळून पाहिलं आणि हेच काम करायचं ठरवलं. १८९१ साली न्यूयॉर्क हॉस्पिटलच्या परिचर्या विद्यालयातून त्या उत्तीर्ण झाल्या. एका बालगृहात वर्षभर नोकरी केल्यावर त्यांनी स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातलं. सगळं सुरळीत चाललं असतं, तर त्या डॉक्टर झाल्या असत्या.

१८९३ साली शहराच्या लोअर ईस्ट साइड भागात, स्थलांतरित बायकांना घरच्या घरी रुग्णाची शुश्रूषा कशी करावी हे शिकवण्याचा वर्ग त्या घेत होत्या. रुग्णाचं अंथरूण कसं घालावं, हा त्या दिवशीचा पाठ होता. तेवढ्यात एक लहान मुलगी रडवेली होऊन आली. तिची आई आजारी होती. मुलीमागोमाग वॉल्ड लडलो स्ट्रीटवरच्या एका कळकट इमारतीत शिरल्या. दोन खोल्यांत सात जणांचं कुटुंब, वर भाडेकरू. बाळंतीण रक्तस्रावाने निपचित पडलेली. फी मिळणार नाही म्हणून डॉक्टर तिला सोडून गेला होता. वॉल्ड यांनी तिला स्वच्छ केलं, अंथरूण बदललं, खोली आवरली. त्यानंतर त्यांनी वैद्यकीय शिक्षण सोडलं ते कायमचं.

असा निर्णय भावनेच्या भरात घेतल्यासारखा वाटतो, पण त्यामागे विचार होता. वर्गात शिकवली जाणारी शुश्रूषा आणि चार गल्ल्या पलीकडची गरज यांची गाठच पडत नव्हती. ती घालायची तर रुग्णांच्या शेजारी जाऊन राहायला हवं होतं. वॉल्ड आणि त्यांची परिचर्या विद्यालयातली मैत्रीण मेरी ब्रूस्टर यांनी त्याच भागात, एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर बिऱ्हाड थाटलं. बँकर जेकब शिफ यांनी आर्थिक मदत दिली. वॉल्ड त्यांना नियमित अहवाल पाठवत. कोणत्या घरी किती माणसं, कोण कशाने आजारी, कुणाचं काम सुटलं, कोणता नळ बंद, कोणतं शौचकूप तुंबलेलं, अशा नोंदी ठेवल्याने एका घरची अडचण आणि सगळ्या इमारतीची अडचण यांतला फरक दिसू लागला.

१८९५ साली शिफ यांच्या मदतीने हे काम २६५ हेन्री स्ट्रीट या घरात हलवण्यात आलं आणि ‘हेन्री स्ट्रीट सेटलमेंट’ म्हणून ते ओळखलं जाऊ लागलं. इथल्या परिचारिकेला बोलवायला डॉक्टरची चिठ्ठी लागत नसे. घरच्यांनी निरोप धाडला तरी ती येई. ज्याला परवडेल त्याच्याकडून थोडे सेंट घेतले जात, ज्याला परवडत नसे त्याची सेवा फुकट होई. पुढे कृष्णवर्णीय परिचारिकांनाही वॉल्ड यांनी कामावर घेतलं. १९०६ साली एलिझाबेथ टायलर तिथे रुजू झाल्या. वर्णभेद समाजमान्य असण्याचा तो काळ होता.

शाळांचा प्रश्न वॉल्ड यांच्या ध्यानात आला तो अशाच घरभेटींमधून. बारा वर्षांचा एक मुलगा कधीच शाळेत गेला नव्हता, कारण त्याच्या डोक्यावर इसब होता. दवाखान्यातून मलम मिळालं होतं, पण ते कसं लावायचं हे आईला कुणी नीट समजावलं नव्हतं. वॉल्ड यांनी ते समजावलं, स्वतः लक्ष ठेवलं. डोकं बरं झालं आणि मुलगा शाळेत बसला. अशा मुलांच्या नोंदी त्या ठेवत गेल्या.

१९०२ मध्ये तपासणी कडक झाली आणि घरी पाठवल्या जाणाऱ्या मुलांची संख्या इतकी वाढली की शहराच्या आरोग्य अधिकाऱ्यांनाही उत्तर सुचेना. तेव्हा वॉल्ड यांनी एक परिचारिका विनामोबदला देऊ केली. तिने एक महिना शाळांत काम करावं आणि प्रयोग यशस्वी झाला तर पुढचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून व्हावा, यासाठी अधिकाऱ्यांनी प्रयत्न करावेत, असं आश्वासन त्यांनी आधीच घेतलं. त्यांच्या मते हे काम दानधर्मावर चालण्यासारखं नव्हतं, ते शहराचं कर्तव्य होतं.

या कामासाठी निवड झाली लीना रॉजर्स यांची. मुलांना घरी पाठवण्याचं प्रमाण खूप असलेल्या चार शाळा त्यांच्याकडे सोपवल्या गेल्या. १ ऑक्टोबर १९०२ रोजी काम सुरू झालं. सकाळी रॉजर्स शाळेत जाऊन किरकोळ जखमा धूत, मलमपट्टी करत, डोळ्यांत औषध घालत आणि मुलांना परत वर्गात पाठवत. दुपारनंतर त्या गैरहजर मुलांच्या घरी जात. उवा कशा काढायच्या, खरजेचं औषध कसं लावायचं, कपडे का उकळायचे, हे आईला करून दाखवत. डॉक्टरने निदान केलेलं असे. निदान आणि उपचार यांमधली रिकामी जागा परिचारिका भरून काढत होती.

महिना संपल्यावर आकड्यांनीच आपली बाजू मांडली. शहराने आणखी परिचारिका नेमल्या आणि त्यांचा पगार महापालिकेच्या तिजोरीतून होऊ लागला. सप्टेंबर १९०२ मध्ये १०,५६७ मुलांना शाळेतून घरी पाठवलं गेलं होतं. सप्टेंबर १९०३ मध्ये ही संख्या १,१०१ वर आली. याचा अर्थ वर्षभरात शहरातले त्वचारोग दहापटींनी घटले, असा मात्र नाही. उपचार शाळेतच होऊ लागल्याने किरकोळ आजाराच्या मुलांना घरी पाठवण्याची गरजच उरली नव्हती. वॉल्ड यांना सिद्ध करायचं होतं तेही एवढंच: संसर्ग रोखण्यासाठी मुलाचं शिक्षण तोडावं लागत नाही.

ही पद्धत त्यांनी पुढेही वापरली. १९०९ साली मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीला त्यांनी सुचवलं, की विमाधारक कामगारांच्या घरी परिचारिका पाठवून बघा. आधी थोड्या काळासाठी चाचणी झाली. मग ही सेवा देशभर पसरली आणि १९५३ पर्यंत चालली. १९१० साली कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये परिचर्या आणि आरोग्य यांचा विभाग उभा राहिला, त्यासाठी देणगी मिळवण्यात वॉल्ड यांचा वाटा होता. तिथल्या विद्यार्थिनी हेन्री स्ट्रीटच्या परिचारिकांबरोबर वस्तीत काम शिकत. वॉर्डाइतकीच वस्ती हीसुद्धा परिचर्येची शाळा ठरली. १९१२ साली सार्वजनिक आरोग्य परिचारिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि वॉल्ड तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या.

त्याच वर्षी अमेरिकेत संघराज्य सरकारचं बालक कार्यालय सुरू झालं. ही कल्पना वॉल्ड आणि फ्लोरेन्स केली यांनी काही वर्षं आधी मांडली होती. कापसावरच्या किडीची चौकशी सरकार करतं, मग बालमृत्यूंची का करत नाही, असा वॉल्ड यांचा सवाल होता. या कार्यालयाने पहिला मोठा अभ्यास पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाउन या पोलाद कारखान्यांच्या गावी केला. १९११ साली जन्मलेल्या बाळांच्या घरोघरी जाऊन माहिती गोळा झाली. निष्कर्ष स्पष्ट होता: वडिलांची कमाई कमी, तिथे बाळं दगावण्याचं प्रमाण जास्त. बाळ गेलं म्हणून केवळ आईच्या अज्ञानाला दोष देणं त्यानंतर अवघड झालं.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत न्यूयॉर्कमधल्या परिचारिकांच्या आपत्कालीन मंडळाचं नेतृत्व वॉल्ड यांच्याकडे आलं. प्रशिक्षित हात अपुरे पडत होते, म्हणून स्वयंसेवकांना कामं वाटून देण्यात आली. वस्त्या, इमारती, कुटुंबं यांची पंचवीस वर्षांची ओळख तेव्हा उपयोगी पडली. १ सप्टेंबर १९४० रोजी कनेटिकट राज्यातल्या वेस्टपोर्ट इथे त्यांचं निधन झालं. हेन्री स्ट्रीट सेटलमेंट आजही सुरू आहे.

आज आपल्याकडेही परिचर्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना शिक्षणाचा भाग म्हणून गावात आणि वस्तीत पाठवलं जातं. हातात वही, दारोदारी प्रश्न, शेवटी एक प्रकल्प अहवाल. यांतले कितीतरी अहवाल गुण मिळाले की कपाटात जातात. वॉल्ड यांच्या कामात नोंदीनंतर एक पायरी नेहमी असे: जे दिसलं त्यावर छोटासा उपाय करून पाहायचा, त्याचा परिणाम मोजायचा आणि तो आकडा ज्याच्या हाती तिजोरीची किल्ली आहे त्याच्यासमोर ठेवायचा. चार शाळांना त्यासाठी एक परिचारिका आणि एक महिना पुरला होता.