विश्लेषण : टर्बोचार्जरचे जनक आल्फ्रेड ब्यूखी कोण होते? टर्बो टायमर बिघडला तर त्यांचा धडा काय?

टर्बो टायमर बसवलेल्या गाडीची किल्ली काढली तरी इंजिन मिनिटभर सुरू राहते आणि मग आपोआप बंद होते. हा टायमर बिघडला तर धोका कशाला असतो? याचे उत्तर टर्बोचार्जरच्या जनकाच्या आयुष्यात सापडते.

कोण होते ब्यूखी?
आल्फ्रेड ब्यूखी यांचा जन्म ११ जुलै १८७९ रोजी स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे झाला. वडील तिथल्याच सुल्झर या इंजिन कंपनीत वरिष्ठ पदावर होते. आल्फ्रेड यांनी झुरिचमध्ये अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. इंधनातील उष्णतेचा मोठा भाग धुराबरोबर वाया जातो, ही बाब त्यांना खटकत होती. त्याच धुराने टर्बाइन फिरवायचे आणि त्याच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबायची, ही त्यांची कल्पना. १९०५ मध्ये त्यांनी तिच्यासाठी जर्मनीत पेटंट अर्ज केला.

यशाला २० वर्षे का लागली?
कल्पना बरोबर होती, पण तापलेल्या धुरात टिकणारा धातू तेव्हा मिळत नव्हता. १९१५ मधील नमुना भरवशाचा ठरला नाही. ब्यूखी मात्र थांबले नाहीत. १९२५ मध्ये त्यांनी इंजिनाची ताकद ४० टक्क्यांहून अधिक वाढवून दाखवली. पाठोपाठ दोन जर्मन प्रवासी जहाजांवर टर्बो बसला आणि इंजिनांची ताकद १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली.

मोटारीत टर्बो कधी आला?
अमेरिकेत १९६२ मध्ये. ते पाहायला ब्यूखी नव्हते. २७ ऑक्टोबर १९५९ रोजी त्यांचे निधन झाले होते.

टायमर कशासाठी?
ब्यूखींना छळणारी उष्णता आजही टर्बोची शत्रू आहे. टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. जोरात चालवलेले इंजिन एकदम बंद केले की ऑइल पोहोचणे थांबते, बेअरिंगमधले ऑइल जळून काजळी धरते. टायमर इंजिनाला थंड व्हायला वेळ देतो.

टायमर चालेनासा झाला तर?
- किल्ली काढताच इंजिन बंद पडते : आधी सेट केलेली वेळ पाहा, मग फ्यूज, अर्थिंग आणि इग्निशनचा कनेक्टर तपासा.
- हँडब्रेक ओढूनही टायमर सुरू होत नाही : अनेक टायमर हँडब्रेकच्या स्विचला जोडलेले असतात. ती वायर सैल झाली आहे का, ते पाहा.
- इंजिन बंदच होत नाही : टायमर काढून मूळ वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून जोडून घ्या. बंद गॅरेजमध्ये इंजिन सुरू ठेवू नका. धूर जीवघेणा ठरतो.

दुरुस्ती होईपर्यंत उपाय सोपा आहे. शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवा आणि थांबल्यावर मिनिटभराने किल्ली फिरवा. टायमर नसला तरी चालते, टर्बोला विसावा मात्र हवाच.