विश्लेषण : बाळाच्या काळ्या डागांतून आनुवंशिक विकारांचा शोध कसा लागला?

लघवी थोडा वेळ ठेवली की काळी पडते, असा एक दुर्मीळ विकार आहे – अल्काप्टोन्युरिया. त्याचे कोडे उलगडताना लंडनचे डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरड (१८५७–१९३६) यांनी जन्मजात चयापचय विकारांची संकल्पना मांडली.

आधी काय समजले जायचे?
आतड्यातील जंतूंमुळे हे होते, असा समज होता. गॅरड यांच्या एका बालरुग्णाची आई पुन्हा गरोदर होती. १९०१ मध्ये बाळ जन्मल्यावर त्याच्या लंगोटांवर लक्ष ठेवले गेले. दोन-तीन दिवसांतच काळे डाग दिसले. इतक्या लवकर जंतूंना दोष देणे कठीण होते. अनेक रुग्णांचे आईवडील एकमेकांची चुलत, मावस किंवा आते-मामे भावंडे असल्याचेही त्यांच्या लक्षात आले. विकार आनुवंशिक होता.

शरीरात काय बिघडते?
डाळी, दूध, अंडी यांतील प्रथिनांतून फेनिलॲलनिन आणि टायरोसिन ही अमिनो आम्ले मिळतात. त्यांच्या रेणूत सहा कार्बनचे कडे असते. यकृतातील एन्झाइम त्यांचे टप्प्याटप्प्याने विघटन करतात. फेनिलॲलनिनचे टायरोसिन होते, त्यापासून पुढे होमोजेंटिसिक आम्ल. मग एक एन्झाइम ते कडे फोडते. तेच निकामी असेल तर आम्ल साचते, लघवीत उतरते आणि हवा लागून काळे पडते. कूर्चेत साचत गेल्याने पुढे सांधेही झिजतात.

दखल कधी घेतली गेली?
गॅरड यांचा शोधनिबंध १९०२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, पुस्तक १९०९ मध्ये. पण फारसे कुणी लक्ष दिले नाही. पहिल्या महायुद्धात त्यांचे दोन मुलगे गेले. तिसरा १९१९ मध्ये फ्लूने दगावला. १९२० मध्ये ते ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक झाले. रुग्णाच्या यकृतात नेमके तेच एन्झाइम काम करत नसल्याचे १९५८ मध्ये सिद्ध झाले, तेव्हा त्यांच्या निधनाला २२ वर्षे उलटली होती. त्याच वर्षी जनुक आणि एन्झाइम यांच्या नात्यावरील संशोधनासाठी नोबेल मिळालेल्या जॉर्ज बीडल यांनी गॅरड यांना श्रेय दिले.

आज याचा उपयोग काय?
अनेक देशांत नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन याच साखळीची पहिली पायरी अडली आहे का, हे तपासतात. वेळीच आहार बदलला तर मेंदूची हानी टळते.