शेगडीवाला डॉक्टर

पावसाळ्यात मांजरीत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. मग अंथरूण सोडवत नाही, मूड गुल होतो. होतं ना असं? तर मग डॉ. फ्रेडरिक कुक यांची गोष्ट वाचाच.

हे अमेरिकन डॉक्टर ‘बेल्जिका’ जहाजावर होते. १८९८च्या मार्चमध्ये जहाज अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलं. मेमध्ये मावळलेला सूर्य थेट जुलैत उगवला! त्या काळोखात माणसं सुस्तावली, खचली. एक जण दगावला. प्रकाश नाही म्हणून हे होतंय, असं कुक यांनी ताडलं. आजाऱ्यांना ते धगधगत्या शेगडीसमोर उघड्या अंगानं उभं करू लागले. जोडीला पेंग्विन आणि सीलचं ताजं मांस. मंडळी सावरली. पुढे दक्षिण ध्रुव गाठणारे अमुंडसेनही त्यांच्यात होते.

उत्तर ध्रुव गाठल्याचा कुक यांचा दावा मात्र वादात सापडला, नंतर फसवणुकीच्या खटल्यात तुरुंगवासही घडला. १९४० मध्ये ते गेले. ऋतूनुसार येणाऱ्या उदासीवर प्रखर प्रकाशाचा उपचार शास्त्रीय पद्धतीनं मांडला गेला, तो १९८४ मध्ये. आज त्यासाठी सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या दिव्यासमोर बसवतात.

आपल्याकडे सोपा उपाय आहे. पाऊस उघडला की सकाळी बाहेर पडा. ढगाळ आभाळाखालीही ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी जास्त उजेड असतो. तरीही दोन आठवडे मळभ हटलं नाही, तर डॉक्टरांना गाठा. त्यात लाज कसली?