जखमेचा क्रम : सेनाशल्यचिकित्सक लारे

1792 साली फ्रेंच सैन्यात असा नियम होता की, जखमींवर उपचार करणाऱ्या पथकाने रणभूमीपासून सुमारे 5 किलोमीटर मागे थांबावे आणि लढाई संपल्याशिवाय पुढे येऊ नये. तोफगोळ्याने ज्याचा पाय उडाला असे, तो शिपाई दिवसभर, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच पडून राही. बड्या अधिकाऱ्याला उचलून मागे नेण्यासाठी मात्र माणसे मिळत. कोणाचा प्राण वाचावा, हे जखमेवरून नव्हे, तर हुद्द्यावरून ठरे. माणसाचे मोल जन्मावरून ठरविणारी व्यवस्था ज्यांच्या पूर्वजांनी भोगली, त्या वाचकांना यातील अन्याय समजावून सांगण्याची गरज नाही. हा क्रम मोडणाऱ्या डॉमिनिक जाँ लारे यांचे चरित्र आम्ही या स्मरणिकेसाठी मुद्दाम निवडले आहे.

लारे यांचा जन्म 8 जुलै 1766 रोजी पिरेनीज पर्वतातील एका लहानशा खेड्यात झाला. वडील जोडे शिवण्याचा व्यवसाय करीत. (आपल्या देशात एवढ्या एका कारणाने त्या मुलाला पाठशाळेचे दार बंद झाले असते, हे येथे नोंदवून ठेवतो.) तेराव्या वर्षी पोरके झालेल्या या मुलाला तुलूझ येथील शल्यचिकित्सक काकांनी आश्रय दिला व आपली विद्या शिकविली. पुढे नौदलाच्या जहाजावरील नोकरी आणि पॅरिसमध्ये देसो या नामांकित शल्यचिकित्सकाच्या हाताखालील शिक्षण आटोपून लारे 1792 मध्ये ऱ्हाईन नदीवरील सेनेत दाखल झाले.

तेथे त्यांचे लक्ष घोड्यांनी ओढल्या जाणाऱ्या हलक्या तोफांकडे गेले. तोफ जर एवढ्या वेगाने पुढे-मागे होऊ शकते, तर जखमी माणसाला नेणारी गाडी का होऊ नये, असा त्यांचा साधा प्रश्न होता. त्यातून ‘उडते’ रुग्णपथक जन्मास आले. 1797 मध्ये इटलीत त्यांनी त्याची पक्की घडी बसविली. सुमारे 340 माणसांचे हे दल तीन तुकड्यांत विभागलेले होते आणि प्रत्येक तुकडीत 12 हलक्या गाड्या होत्या. दोन चाकी गाडीत दोन जखमी आडवे होऊ शकत, चार चाकी गाडीत चार. हवा खेळावी म्हणून बाजूंना खिडक्या होत्या. गाडीतील गादी असलेली फळी लहान चाकांवरून बाहेर सरकत असे, म्हणजे जखमीला हिसका न बसता आत ठेवता येई. इजिप्तच्या वाळूत चाके चालेनात, तेव्हा उंटाच्या दोन्ही अंगांना मोठ्या पेट्या बांधून त्यांतून जखमी नेले गेले.

गाडीइतकाच महत्त्वाचा होता त्यांचा दंडक. ज्याची जखम अधिक प्राणघातक, त्याच्यावर आधी उपचार. मग तो सेनापती असो की कालच भरती झालेला शेतकऱ्याचा पोर. शत्रूच्या जखमींनाही हाच न्याय. भिक्खूंनी टाकून दिलेल्या आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी स्नान घालणाऱ्या तथागतांची कथा आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. लारे यांना ती ठाऊक असण्याचा संभव नाही. तथापि करुणेला घोडे, गाड्या, माणसे आणि नियम यांची जोड दिल्याशिवाय ती रणभूमीवर पोहोचत नाही, हे त्यांनी ओळखले होते. हे सोपे नव्हते. घोडे, गाड्या, धान्य सारे पुरवठा खात्याच्या अंमलदारांच्या ताब्यात असे. शल्यचिकित्सकाला लष्करी अधिकार जवळजवळ नसत. लारे यांचे अर्धे आयुष्य या खात्याशी भांडण्यात गेले, असे म्हटले तरी चालेल.

1809 च्या मे महिन्यात डॅन्यूब नदीवरील पूल वाहून गेला आणि लोबाऊ बेटावर हजारो जखमी अन्नावाचून अडकले. लारे यांनी घोडे मारण्याचा हुकूम दिला. अधिकाऱ्यांचे घोडेही त्यातून सुटले नाहीत. भांडी नव्हती म्हणून घोडेस्वारांच्या चिलखतांत रस्सा शिजविला आणि मिठाऐवजी बंदुकीची दारू घातली. 1812 मध्ये रशियातील बोरोदिनोच्या लढाईत त्यांनी 24 तासांत सुमारे 200 अवयवच्छेद केले. माघारीच्या वेळी बेरेझिना नदीवरील पुलाजवळ प्रचंड चेंगराचेंगरी झाली, तेव्हा शिपायांनी त्यांना ओळखून हातोहात उचलून पलीकडे पोहोचविले.

आमच्या मते त्यांची खरी कसोटी 1813 मध्ये लागली. बाउट्झेनच्या लढाईनंतर अडीच हजारांहून अधिक तरुण शिपायांच्या हाताला व बोटांना जखमा आढळल्या. युद्ध टाळण्यासाठी पोरांनी स्वतःच गोळ्या झाडून घेतल्या, असा मार्शल सूल्त यांचा आरोप होता आणि नेपोलियनचाही त्यावर विश्वास बसला होता. शिक्षा मृत्यूची होती. लारे यांनी सहकाऱ्यांसह एकेका शिपायाचा हात तपासला. शिपाई रांगांमागे रांगा करून उभे राहत. मागच्या रांगेतील अननुभवी पोराची गोळी पुढच्याच्या उचललेल्या हाताला लागे, हे त्यांनी पुराव्यानिशी दाखविले आणि एकही शिपाई दोषी नसल्याचा अहवाल सम्राटाच्या हाती दिला. सम्राटाला काय ऐकावयाचे आहे, हे ठाऊक असून त्यांनी हे केले. नेपोलियनने अहवाल मान्य केला, एवढेच नव्हे, तर लारे यांना निवृत्तिवेतन बहाल केले.

याच नेपोलियनने 1802 मध्ये फ्रेंच वसाहतींत गुलामगिरी पुन्हा कायदेशीर केली होती. अशा शासकाशी लारे अखेरपर्यंत निष्ठावंत राहिले, ही गोष्ट इतिहासाचे अध्यापन करणाऱ्या आम्हांस झाकता येणार नाही. शिपायाच्या देहापुरती जी समता त्यांनी आणली, ती साम्राज्याच्या धोरणात उतरली नाही.

1815 मध्ये वॉटर्लू येथे ते जखमी होऊन प्रशियनांच्या हाती सापडले. गोळी घालण्याचा हुकूमही झाला. परंतु पूर्वी त्यांची व्याख्याने ऐकलेल्या एका जर्मन शल्यचिकित्सकाने त्यांना ओळखले आणि सेनापती ब्ल्यूखर यांच्यापुढे नेले. ब्ल्यूखर यांच्या जखमी मुलावर लारे यांनी एका मोहिमेत उपचार केले होते. त्यांची सुटका झाली. सेंट हेलेना बेटावर मृत्यू पावलेल्या नेपोलियनने मृत्युपत्रात त्यांच्या नावे 1,00,000 फ्रँक ठेवले.

1842 मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, लारे अल्जीरियातील लष्करी रुग्णालयांची तपासणी करून परतत होते. 25 जुलै रोजी ल्यों शहरी त्यांचे निधन झाले. पत्नी शार्लोत तीनच दिवसांपूर्वी वारल्या होत्या. त्यांचे दफन पॅरिसच्या पेर लाशेझ या सार्वजनिक दफनभूमीत झाले. वृद्ध व अपंग सैनिकांसाठी बांधलेल्या आँव्हालीद या वास्तूत त्यांचे अवशेष हलविले गेले ते 1992 साली, म्हणजे दीडशे वर्षांनी.