महर्षी कर्वे, हृदय आणि स्मरणशक्ती

धोंडो केशव कर्वे १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणातल्या शेरवली गावी जन्मले आणि दापोलीजवळच्या मुरूडला वाढले. सतराव्या वर्षी परीक्षेसाठी ते सोबत्यांबरोबर सह्याद्री ओलांडून साताऱ्याला गेले, सुमारे ११० मैल, पायी. लहानखुऱ्या अंगकाठीमुळे त्यांच्या वयाबद्दल शंका आली आणि परीक्षेला बसू दिले नाही. परीक्षा हुकली, चालण्याची सवय मात्र राहिली.

१८९१ पासून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. १९०० मध्ये तो शहराबाहेर हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. कॉलेजचे काम आटोपून कर्वे तिथे शिकवायला पायी जात, पावसाळ्यात चिखल तुडवत.

१९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. १९२९ मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर, त्यासाठी निधी जमवायला ते युरोप, अमेरिका आणि जपान फिरले. ७८ व्या वर्षी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणाचे काम हाती घेतले, ८६ व्या वर्षी समता संघ काढला. शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, १०४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

एका माणसाच्या दीर्घायुष्यावरून नियम काढता येत नाही. अनुवंशाचाही त्यात वाटा असतो. पण त्यांच्या दिनक्रमातल्या गोष्टींचे महत्त्व आज वैद्यकशास्त्राला पटले आहे. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण प्राणवायू तो सुमारे २० टक्के वापरतो. हा पुरवठा हृदय आणि रक्तवाहिन्यांवर अवलंबून असतो. रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेला राहिला, की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या जाड व अरुंद होतात. लहान लहान भागांचा रक्तपुरवठा तुटतो. लकवा न मारताही विचार मंदावतो, विसर पडू लागतो. मधुमेह, तंबाखू आणि वाढलेले कोलेस्टेरॉल यांचाही परिणाम असाच होतो.

२०२४ मध्ये ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञगटाने स्मृतिभ्रंशाची टाळता किंवा कमी करता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. ती सगळी दूर झाली, तर जगातील सुमारे ४५ टक्के रुग्णांचा आजार टळू किंवा लांबू शकतो. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बैठी जीवनशैली आणि एकटेपणा त्या यादीत आहेत.

यातली बरीचशी तयारी चाळिशी-पन्नाशीतच करावी लागते. राहनाळ, भिवंडीच्या गोदामांत आणि यंत्रमागांवर राबणाऱ्यांनी ‘काही त्रास नाही’ म्हणून रक्तदाब तपासणे टाळू नये. तो बहुधा त्रास न देताच वाढतो. सुरू केलेली गोळी मनाने बंद करू नये. तंबाखू सोडावी, मीठ कमी करावे, रोज अर्धा तास झपझप चालावे. घरातले वडीलधारे ओळखीचा रस्ता चुकू लागले किंवा पैशांचे हिशेब विसरू लागले, तर ‘वयच झाले’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे. आणि निवृत्तीनंतरही हाती एखादे काम, भोवती माणसे असू द्यावीत. कर्व्यांच्या हाती ते अखेरपर्यंत होते.