शिवणाच्या सुईची प्रयोगशाळा

माझी शाळा सातवीलाच सुटली. मुलीला एवढे पुरे, असे वडिलांनी ठरविले. म्हणून माझ्या लेकीने तिच्या कॉलेजच्या पुस्तकातून इटलीच्या रीटा लेव्ही-मोन्ताल्चिनी यांची हकीगत सांगितली, तेव्हा ती मनात घर करून राहिली. तीच भगिनींना सांगते.

रीटाबाईंचा जन्म १९०९ सालचा, तुरीन शहरातला. वडील इंजिनियर, पण उच्च शिक्षण संसाराच्या आड येते, असे त्यांचे मत. विसाव्या वर्षी बाईंनी धीर करून त्यांची परवानगी मिळविली आणि १९३६ साली त्या डॉक्टर झाल्या.

१९३८ साली मुसोलिनीच्या सरकारने ज्यू लोकांविरुद्ध कायदे केले. बाई ज्यू, विद्यापीठाचे दार बंद झाले. त्यांनी निजायच्या खोलीतच प्रयोगशाळा मांडली. शिवणाच्या सुया घासून हत्यारे केली आणि कोंबडीच्या अंड्यांतील गर्भाच्या मज्जातंतूंचा अभ्यास चालू ठेवला.

युद्धानंतर, १९४७ साली, त्या अमेरिकेत सेंट लुईसला गेल्या. उंदराची एक विशिष्ट गाठ अंड्यातील गर्भावर बसविली की मज्जातंतू भराभर वाढतात, असे तेथे दिसले. गाठीतून काही रस पाझरतो की काय? हे पाहण्यासाठी १९५२ साली गाठी असलेले दोन उंदीर बरोबर घेऊन त्या विमानाने ब्राझीलला, रिओ शहरी, गेल्या. तेथे हेर्टा मायर या बाई शरीराबाहेर काचेत पेशी वाढवीत. रक्तद्रवाच्या थेंबात गर्भातील मज्जापेशींचा पुंजका ठेवला. जवळच, पण त्याला न शिवता, गाठीचा तुकडा. दिवसाभरात पुंजक्यातून सूर्यकिरणांसारखे तंतू सर्व बाजूंनी फुटले! एक पेशी दुसरीला स्पर्शाविना निरोप धाडते, हे डोळ्यांना दिसले.

तो पदार्थ पुढे स्टॅन्ली कोहेन यांनी वेगळा केला. त्याला नर्व्ह ग्रोथ फॅक्टर म्हणतात. १९८६ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. बाई २०१२ साली, वयाच्या १०३व्या वर्षी वारल्या.

मला सर्वांत भावले ते निराळेच. १९९२ साली बाईंनी व त्यांच्या जुळ्या बहिणीने एक संस्था काढली. आफ्रिकेतील मुलींना शिक्षणासाठी ती मदत करू लागली. आणि ती काढली वडिलांच्या स्मरणार्थ! राग धरला नाही. त्यांच्याच नावाने दुसऱ्यांच्या मुलींना दार उघडून दिले.

माझेही वडील आता नाहीत. यंदा मी दहावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म आणला आहे. शिवणाचा डबा जवळ घेऊनच तो भरायला बसणार आहे.